विंडोज कोसळल्यावर क्रॅश डंप कुठे जमा व्हावा? जागा निवडण्याची कृती

विंडोज कोसळते तेव्हा निळी स्क्रीन येते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ती आता काळी झाली आहे. त्या स्क्रीनवर टक्के सरकत राहतात, शंभर झाले की मशीन आपोआप पुन्हा सुरू होते. ते टक्के सरकत असताना एक महत्त्वाचे काम चाललेले असते: कोसळण्याच्या क्षणी रॅममध्ये जे होते, त्यातला गरजेचा भाग विंडोज डिस्कवर उतरवून घेत असते. अपघातातल्या गाड्या हलवण्याआधी जसा जागेवर पंचनामा करतात, तसा हा मशीनचा पंचनामा. यालाच क्रॅश डंप म्हणतात. कोणत्या ड्रायव्हरने (हार्डवेअर आणि विंडोज यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमने) घोळ घातला, रॅमची पट्टी खराब आहे का, नवे अँटिव्हायरस कुठे अडले, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा त्यातूनच मिळतात.

अडचण अशी की हा डंप कुठे जातो हे अनेकांना पहिल्यांदा कळते ते मशीन कोसळल्यानंतर, आणि तेव्हा तो कुठेच नसतो. म्हणून जागेची निवड मशीन धड चालत असतानाच करून ठेवायची. विंडोज १० आणि ११ मध्ये ते कसे करायचे ते इथे सांगतो. स्क्रीनवरची इंग्रजी नावे जशी उच्चारतात तशी लिहिली आहेत. तुमच्या स्क्रीनवर ती इंग्रजीतच दिसतील.

डंप दोन टप्प्यांत लिहिला जातो

सेटिंगला हात लावण्यापूर्वी ही एक गोष्ट समजून घ्या. पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

क्रॅशच्या क्षणी विंडोजच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, कशावरच भरवसा ठेवता येत नाही. बिघाड फाइल सिस्टिममध्येच झालेला असू शकतो. त्यामुळे फोल्डर शोधणे, नवी फाइल तयार करणे असली कामे तो त्या घडीला करत नाही. मशीन सुरू होतानाच त्याने दोन गोष्टींची तजवीज केलेली असते. पेजफाइल, म्हणजे रॅमची पुरवणी म्हणून विंडोज डिस्कवर राखते ती फाइल, कुठे कुठे पसरली आहे याचा नकाशा घेतलेला असतो आणि डिस्कशी बोलणाऱ्या ड्रायव्हरची एक वेगळी प्रत बाजूला काढून ठेवलेली असते. क्रॅश झाला की त्या प्रतीच्या मदतीने रॅममधला मजकूर थेट पेजफाइलच्या जागेत लिहिला जातो. हा पहिला टप्पा.

दुसरा टप्पा मशीन पुन्हा सुरू झाल्यावर. पेजफाइलमध्ये डंप सापडला तर विंडोज तो बाहेर काढते आणि नेमून दिलेल्या पत्त्यावर ठेवते. काहीच बदलले नसेल तर हा पत्ता म्हणजे सी ड्राइव्हवरचा विंडोज फोल्डर आणि त्यातली ‘मेमरी डॉट डीएमपी’ ही फाइल. शिवाय प्रत्येक क्रॅशचा एक छोटा सारांश त्याच विंडोज फोल्डरातल्या ‘मिनीडंप’ या फोल्डरात वेगळा ठेवला जातो. त्या फाइलच्या नावात तारीख असते, म्हणून एका क्रॅशचा सारांश दुसऱ्याने पुसला जात नाही.

सेटिंगमध्ये आपण जो पत्ता बदलतो तो फक्त दुसऱ्या टप्प्याचा. पहिला टप्पाच फसला तर पत्ता कितीही विचार करून निवडलेला असो, तिथे काही येणार नाही. सी ड्राइव्हवर जागा मिळावी म्हणून पेजफाइल बंद करणारे किंवा डी ड्राइव्हवर हलवणारे खूप जण आहेत. १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी आणि सोबत मोठी हार्ड डिस्क अशा मशीनवर तर हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात आपण डंपही गमावतो आहोत, हे सल्ला देणारा सहसा सांगत नाही.

सध्याची मांडणी पाहा

यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते लागते.

१. स्टार्ट मेनू उघडून ‘व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा आणि उघडा. शोधून सापडले नाही तर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या वाटेने गेल्यावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ ही लिंक दिसते.

२. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर सगळ्यात खाली ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ असा भाग आहे. त्यातले ‘सेटिंग्ज’ बटण दाबा. याच टॅबवर ‘सेटिंग्ज’ नावाची तीन बटणे आहेत, तेव्हा खालचेच दाबल्याची खात्री करा.

३. उघडलेल्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात ‘राइट डीबगिंग इन्फर्मेशन’ ही यादी आहे. तिच्याखाली ‘डंप फाइल’ची चौकट आणि काही खुणा करण्याच्या जागा आहेत.

चौकटीत पत्त्याऐवजी टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ‘सिस्टिमरूट’ असा शब्द दिसेल. घाबरू नका, विंडोज ज्या फोल्डरात बसवलेले आहे त्याचे ते टोपणनाव आहे. बहुतेक मशीनवर तो सी ड्राइव्हवरचा विंडोज फोल्डरच असतो.

बदल करण्यापूर्वी या खिडकीचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. मूळ मांडणीवर परत यायचे झाले तर तो फोटोच कामी येतो.

किती मोठा डंप हवा, ते आधी ठरवा

जागा निवडायची तर माप माहीत हवे. यादीतले पर्याय असे:

‘स्मॉल मेमरी डंप’ सगळ्यात लहान, ६४ बिट विंडोजवर २५६ केबी. त्यात स्टॉप कोड (बिघाडाचा प्रकार सांगणारा क्रमांक), त्या वेळी लोड झालेल्या ड्रायव्हरांची यादी, कोणती प्रोसेस चालू होती ते आणि कर्नलने शेवटी टाकलेली पावले एवढे असते. नवख्या माणसाच्या बहुतेक तक्रारींना ते पुरते. त्याला पेजफाइलही नावापुरतीच लागते, २ एमबी असली तरी चालते.

‘कर्नल मेमरी डंप’मध्ये कर्नल आणि ड्रायव्हर वापरत असलेली सगळी मेमरी येते, तुमच्या प्रोग्रॅमांची येत नाही. आकार मशीनवर अवलंबून असतो. मायक्रोसॉफ्ट ढोबळ अंदाज देते तो रॅमच्या एक तृतीयांशाचा.

‘ऑटोमॅटिक मेमरी डंप’ विंडोज ८ पासून आला आणि आज तोच आधीपासून निवडलेला असतो. आतला मजकूर कर्नल डंपसारखाच. फरक पेजफाइलच्या आकारात आहे. पेजफाइलचा आकार विंडोज सांभाळत असेल तर ती सुरुवातीला रॅमपेक्षा लहान ठेवली जाते. क्रॅश झाला आणि डंप तिच्यात मावला नाही, तर विंडोज पेजफाइल किमान रॅमइतकी वाढवते आणि चार आठवडे तशीच ठेवते. त्या काळात पुन्हा क्रॅश झाला नाही तर ती परत लहान होते. म्हणजे पहिला मोठा डंप हुकू शकतो, पण दुसऱ्यासाठी जागा तयार असते.

‘कम्प्लीट मेमरी डंप’मध्ये सगळी रॅम उतरते. त्यासाठी पेजफाइल रॅमपेक्षा २५७ एमबीने मोठी लागते. १६ जीबी रॅमच्या मशीनवर सव्वासोळा जीबीची पेजफाइल आणि वर जवळपास तेवढाच डंप, असा हिशेब धरा. कुणी जाणकाराने मुद्दाम मागितल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

‘अ‍ॅक्टिव्ह मेमरी डंप’ मुख्यतः आभासी मशीन चालवणाऱ्या सर्व्हरांसाठी आहे. घरी त्याचा उपयोग नाही. आणि ‘नन’ निवडले असेल तर डंप घेतलाच जात नाही. कुणी मशीन वेगवान करून देतो म्हणत हे निवडले असेल तर आधी बदला. डंप फक्त क्रॅशच्या वेळी लिहिला जातो, त्यामुळे तो बंद करून रोजच्या वेगात काहीच फरक पडत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या मशीनवर ‘ऑटोमॅटिक’ राहू द्या. एसएसडी अगदीच भरलेली असेल तरच ‘स्मॉल’वर या. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अपडेटने जगभरातली विंडोज मशीन कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ती सुमारे ८५ लाख होती, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. नंतर मायक्रोसॉफ्टने त्या मशीनांकडून आलेले क्रॅश डंप उलगडून दाखवले. मेमरीची हद्द ओलांडून वाचण्याचा दोष नेमका कोणत्या ड्रायव्हरात होता, ते त्यात दिसत होते. इतका मोठा गोंधळ आणि एवढीशी चूक यांच्यातला दुवा डंपने जोडून दिला.

पहिला टप्पा पक्का करा: पेजफाइल

१. त्याच ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर वरच्या ‘परफॉर्मन्स’ भागातले ‘सेटिंग्ज’ दाबा. नव्या खिडकीतही ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅब आहे. तिथे ‘व्हर्च्युअल मेमरी’खालचे ‘चेंज’ दाबा.

२. वर ‘ऑटोमॅटिकली मॅनेज पेजिंग फाइल साइज फॉर ऑल ड्राइव्ह्ज’ ही खूण असेल तर काहीही करू नका. खिडकी बंद करा आणि पुढच्या भागाकडे वळा.

३. खूण नसेल तर खालच्या यादीत विंडोज असलेला ड्राइव्ह निवडा. त्याच्यासमोर ‘नन’ असेल तर ‘सिस्टिम मॅनेज्ड साइज’ निवडून ‘सेट’ दाबा. ‘सेट’ दाबायचे राहिले तर ‘ओके’ केल्यावरही बदल लागू होत नाही. नवखे लोक इथेच चुकतात.

४. दुसऱ्या ड्राइव्हवर आधीची पेजफाइल असेल तर ती राहिली तरी चालते. विंडोज असलेल्या ड्राइव्हवर एक हवी, एवढेच.

५. मशीन रिस्टार्ट करा.

या ड्राइव्हवरची पेजफाइल तुम्ही बंद केली किंवा फार लहान केली, तर ‘बिघाड झाल्यास तपशील नोंदवता येणार नाही’ अशा अर्थाची सूचना येते. लोक ती न वाचता ‘येस’ दाबतात. ती सूचना डंपबद्दलच असते.

दुसरा टप्पा: पत्ता बदलायचा का?

आधी हे विचारा की बदलायची गरज आहे का. सी ड्राइव्हवर पुरेशी जागा असेल तर पत्ता आहे तोच ठेवा. डंप वाचणारी साधने आणि मदत करणारी माणसे आधी तिथेच पाहतात. शिवाय विंडोज फोल्डरातल्या ‘मेमरी डॉट डीएमपी’ला साधे वापरकर्ते हात लावू शकत नाहीत, ही सुरक्षा आयती मिळते. मिनीडंपचा फोल्डर तर हलवूच नये, कारण त्याने अडणारी जागा नगण्य असते.

सी ड्राइव्ह लहान आहे, मशीन वारंवार कोसळते आहे आणि मोठे डंप साठवायचे आहेत, अशा वेळी मात्र मोठी फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्यात अर्थ आहे.

जागा निवडताना हे पाहा. ड्राइव्ह मशीनच्या आतला, कायमचा जोडलेला असावा. पेन ड्राइव्ह किंवा यूएसबी डिस्क नको, कारण मशीन सुरू होताना ती तयार असेलच असे नाही. ड्राइव्हचा फॉरमॅट एनटीएफएस असावा. एफएटी३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही. नेटवर्कवरचा फोल्डर चालत नाही. वनड्राइव्हसारख्या आपोआप क्लाउडवर जाणाऱ्या फोल्डरात तर डंप कधीही ठेवू नका, त्याचे कारण पुढे येईल. डी ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणारी विंडोजची सोय, असेल तर तो ड्राइव्ह मशीन सुरू होताच आपोआप उघडेल अशी सोय चालू असली पाहिजे. कुलूपबंद ड्राइव्हवर फाइल ठेवता येत नाही.

आता कृती:

१. डी ड्राइव्हवर थेट, इतर फोल्डरांच्या आत न घालता, ‘क्रॅशडंप्स’ असा फोल्डर तयार करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता द्या. फोल्डर आधी बनवून ठेवायचा, विंडोजवर सोडायचा नाही.

२. त्या फोल्डरावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ उघडा. ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबा आणि आधीच्या परवानग्या कायम ठेवणारा पर्याय निवडा. नंतर यादीत ‘सिस्टिम’ आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ एवढेच राहू द्या, ‘यूजर्स’ आणि ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ काढून टाका. घरातला संगणक चार जण वापरत असतील तर ही पायरी टाळू नका.

३. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या खिडकीत परत या. ‘डंप फाइल’च्या चौकटीतला मजकूर पुसून नवा पत्ता लिहा: ड्राइव्हचे अक्षर, कोलन, उलटी तिरकी रेघ, फोल्डरचे नाव, पुन्हा उलटी तिरकी रेघ आणि शेवटी फाइलचे नाव. फाइलचे नाव आधीचेच ठेवा. फक्त फोल्डर लिहून थांबू नका, इथे पूर्ण फाइलचा पत्ता लागतो. यादीत ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडला असेल तर मात्र हीच चौकट फोल्डर मागते.

४. ‘ओव्हरराइट एनी एक्झिस्टिंग फाइल’ ही खूण राहू द्या. ती काढली तर जुना डंप तिथे असेपर्यंत नवा लिहिला जात नाही.

५. बिघाडाचा शोध चालू असेल तर ‘डिसेबल ऑटोमॅटिक डिलीशन ऑफ मेमरी डंप्स व्हेन डिस्क स्पेस इज लो’ ही खूण करा. ऑफिसच्या डोमेनला (मशीन एकत्र सांभाळणाऱ्या नेटवर्क व्यवस्थेला) न जोडलेल्या मशीनवर मोकळी जागा २५ जीबीपेक्षा कमी असेल तर विंडोज मोठा डंप स्वतःहून काढून टाकते. हा नियम विंडोज ७ पासून चालत आला आहे. डंप तयार होतो, त्याची नोंद दिसते आणि फाइल मात्र सापडत नाही, यामागे बऱ्याचदा हेच असते.

६. ‘ओके’ करून मशीन रिस्टार्ट करा.

पेजफाइल सी ड्राइव्हवर ठेवणे शक्यच नसेल तर

काही मशीनवर सी ड्राइव्ह इतका लहान असतो की पेजफाइल तिथे मावत नाही. त्यांच्यासाठी पहिला टप्पाच दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्याची सोय आहे. तिला डेडिकेटेड डंप फाइल म्हणतात. पेजफाइलऐवजी फक्त डंपसाठी राखून ठेवलेली ही फाइल. हे काम रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या कोठारातून, करावे लागते, म्हणून घाई करू नका.

रजिस्ट्री एडिटर उघडून ‘एचकी लोकल मशीन’, ‘सिस्टिम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’ आणि ‘क्रॅश कंट्रोल’ असे उतरत जा. आधी ‘क्रॅश कंट्रोल’वर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ने त्याची प्रत काढून ठेवा. मग उजव्या बाजूला नवी ‘स्ट्रिंग व्हॅल्यू’ तयार करा. तिचे नाव ‘डेडिकेटेड’, ‘डंप’ आणि ‘फाइल’ हे तीन इंग्रजी शब्द सलग जोडून लिहायचे. तिची किंमत म्हणून दुसऱ्या ड्राइव्हवरच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. आकार तुम्हीच ठरवायचा असेल तर ‘डंप’, ‘फाइल’, ‘साइज’ हे शब्द असेच जोडून एक ‘डीवर्ड व्हॅल्यू’ करा आणि आकडा एमबीत, दशमान पद्धत निवडून भरा. ती केली नाही तर आकार विंडोज ठरवते. रिस्टार्ट केल्यावर ही फाइल तयार होते आणि ठरलेली जागा कायमची अडवून बसते.

दोन पत्ते इथे गल्लत होण्यासारखे आहेत. डेडिकेटेड फाइल पहिल्या टप्प्याची. ‘डंप फाइल’च्या चौकटीतला पत्ता दुसऱ्या टप्प्याचाच राहतो. दोन्हींना एकच नाव देऊ नका.

खरोखर क्रॅश करून पाहा

न तपासलेल्या सेटिंगवर विसंबू नये असे मला मनापासून वाटते. गरज पडेल तेव्हा दुसरी संधी मिळेलच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचात ‘नॉटमायफॉल्ट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो मुद्दाम विंडोज कोसळवतो.

सगळे काम सेव्ह करा, सगळे प्रोग्रॅम बंद करा, महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा. ऑफिसचे मशीन असेल तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय हे करू नका. मग ६४ बिट आवृत्ती ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, यादीतला पहिलाच पर्याय, ‘हाय आयआरक्यूएल फॉल्ट’, तसाच ठेवा आणि ‘क्रॅश’ दाबा.

स्क्रीन बदलली की हात लावायचा नाही. टक्के अडकल्यासारखे वाटले तरी पॉवर बटण दाबू नका. तिथे मशीन बंद केले तर पहिला टप्पा अर्धवट राहतो आणि डंप गेला. मशीन सुरू झाल्यावरही काही मिनिटे जाऊ द्या. फाइल नव्या जागी जाण्याचे काम मागे चालू असते आणि मोठ्या फाइलला हार्ड डिस्कवर वेळ लागतो.

डंप आला की नाही, कसे ओळखायचे

फोल्डरात फाइल दिसली आणि तिची तारीख-वेळ आजची असली की काम झाले. नसेल तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ निवडा आणि हे क्रमांक शोधा.

१००१, ज्याचा स्रोत ‘बगचेक’ असा दिसतो: क्रॅश नोंदला गेला. त्याच्या तपशिलात स्टॉप कोड आणि डंप कुठे ठेवला त्याचा पूर्ण पत्ता असतो. तुम्ही दिलेला पत्ता तिथे दिसला तर दुसरा टप्पाही जुळला.

१६१, स्रोत ‘व्हॉल्यूममॅनेजर’चे छोटे नाव ‘व्हॉलएमजीआर’: डंप लिहिताना अडथळा आला. पेजफाइलचा आकार पुन्हा पाहा, डिस्कचे आरोग्य तपासा, स्टोरेजचा ड्रायव्हर अद्ययावत करा. याच स्रोताचा ४६ असेल तर डंपची तयारी मशीन सुरू होतानाच फसली आहे, आणि तिथे पहिला संशय पेजफाइलवरच घ्यायचा.

४१, स्रोत ‘कर्नल पॉवर’: मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. याच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल आणि १००१ कुठेच नसेल, तर बहुधा वीज गेली, पॉवर सप्लायने दगा दिला, कुणी पॉवर बटण दाबून धरले किंवा मशीन जागीच थिजले. अशा वेळी डंप लिहायला विंडोजला उसंतच मिळालेली नसते, त्यामुळे तो शोधत बसण्यात वेळ घालवू नका. पावसाळ्यात जिथे वीज झटक्यात जाते-येते तिथे इन्व्हर्टर, यूपीएस आणि एसएमपीएसकडे आधी बघा.

सगळे नीट असूनही फाइल नाहीशी होत असेल तर सफाई करणारे प्रोग्रॅम तपासा. विंडोजच्या ‘डिस्क क्लीनअप’मध्येही ‘सिस्टिम एरर मेमरी डंप फाइल्स’ अशी ओळ असते. शोध चालू आहे तोवर तिच्यावर खूण करू नका.

डंप कुणाला द्यायचा, कुणाला नाही

क्रॅशच्या क्षणी मेमरीत असलेले काहीही मोठ्या डंपमध्ये असू शकते: उघडलेल्या कागदपत्रांचे तुकडे, पासवर्ड, गुप्त किल्ल्या. २०२३ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की स्टॉर्म-०५५८ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हल्लेखोरांनी चोरलेल्या सही-किल्लीच्या (लॉगिन खरे असल्याची डिजिटल सही करणाऱ्या गुप्त किल्लीच्या) जोरावर सुमारे २५ संस्थांच्या ईमेलमध्ये शिरकाव केला. ती किल्ली २०२१ च्या एका क्रॅश डंपमधून बाहेर गेली असावी, असा निष्कर्ष कंपनीने सप्टेंबरमध्ये मांडला. मार्च २०२४ मध्ये मात्र, किल्ली असलेला असा डंप सापडलेला नाही, अशी दुरुस्ती तिने केली. ती किल्ली कशीही गेली असो, डंपमधून असे काही बाहेर जाऊ शकते हे त्या कंपनीलाही शक्य कोटीतले वाटले, एवढे आपल्याला पुरे.

म्हणून मदत मागताना आधी मिनीडंपच द्या. तो फोल्डरातून थेट उघडत नाही, परवानगी अडवते. फाइल डेस्कटॉपवर कॉपी करा, झिप करा आणि मग पाठवा. मोठा डंप ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे त्यालाच, आणि काम झाल्यावर पुसायचा. अनोळखी माणसाने रिमोटवर येऊन तो मागितला तर देऊ नका.

स्वतः वाचायचा असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून ‘विनडीबीजी’ मोफत मिळते. डंप उघडला की त्यात विश्लेषणाची एक निळी लिंक दिसते. ती दाबली की थोड्या वेळाने संशयित ड्रायव्हरचे नाव समोर येते. ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे छोटे साधन मिनीडंपचा मूळ फोल्डरच वाचते. तुम्ही तो हलवला असेल तर त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये नवा पत्ता द्यावा लागतो.

आणखी दोन फोल्डर

सी ड्राइव्हवरची जागा गायब होते आहे आणि ‘मेमरी डॉट डीएमपी’ तर छोटीच आहे, असे असेल तर विंडोज फोल्डरातला ‘लाइव्ह कर्नल रिपोर्ट्स’ बघा. मशीन न कोसळता सावरते, उदाहरणार्थ ग्राफिक्सचा ड्रायव्हर क्षणभर अडकून पुन्हा चालू होतो, तेव्हाचे डंप तिथे जातात आणि ते काही जीबींचेही असू शकतात. वर बदललेला पत्ता त्यांना लागू होत नाही. तक्रार काही नसेल तर ‘डिस्क क्लीनअप’ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून ते काढून टाका.

आणि विंडोज न कोसळता एखादा प्रोग्रॅमच वारंवार बंद पडत असेल तर त्याचे डंप वेगळे. ते आपोआप साठवले जात नाहीत. रजिस्ट्रीत ‘एचकी लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘विंडोज एरर रिपोर्टिंग’ इथे पोहोचून ‘लोकल’ आणि ‘डंप्स’ हे शब्द जोडून नवी की तयार केली की ते साठू लागतात. त्यांची ठरलेली जागा म्हणजे त्या वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’मधल्या ‘लोकल’चा ‘क्रॅशडंप्स’ फोल्डर. तिथे दहा डंप राहतात, अकरावा आला की सगळ्यात जुना जातो. जागा बदलायची तर त्याच कीमध्ये ‘डंप’ आणि ‘फोल्डर’ जोडून केलेल्या व्हॅल्यूत नवा पत्ता लिहायचा. तिचा प्रकार ‘एक्स्पांडेबल स्ट्रिंग’ ठेवा. इथे पेजफाइलचा काही संबंध नाही, कारण विंडोज शाबूत असते आणि फाइल सरळ त्या फोल्डरातच लिहिली जाते.